'माध्यमिक' म्हणजे कशाच्या मधले? माध्यमिक शिक्षणाच्या तौलनिक विचाराची एक चिकित्सा

१

माध्यमिक शिक्षणाविषयी तौलनिक लेखन करू पाहणारा अभ्यासक आरंभीच एका अडचणीत सापडतो. प्राथमिक शिक्षण म्हणजे काय हे सांगताना त्याला फारसे सायास पडत नाहीत. वाचन, लेखन आणि गणन यांचा उल्लेख केला की निदान अर्धे उत्तर हाती येते. विद्यापीठीय शिक्षणाची व्याख्याही ज्ञानाच्या एखाद्या शाखेच्या आधारे करता येते. माध्यमिक शिक्षणाची व्याख्या मात्र बहुधा त्याच्या शेजाऱ्यांवरून केली जाते : प्राथमिकानंतर जे सुरू होते आणि उच्च शिक्षणापूर्वी जे संपते ते माध्यमिक. युनेस्कोने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेले आणि पुढे १९९७ व २०११ मध्ये सुधारलेले शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण पाहावे. त्यात कनिष्ठ माध्यमिकाला दुसरा व उच्च माध्यमिकाला तिसरा क्रमांक दिलेला आहे. देशोदेशीच्या आकडेवारीची तुलना करावयाची तर असे क्रमांक आवश्यकच आहेत, याविषयी वाद नाही. परंतु क्रमांक हे प्रयोजन नव्हे, आणि तौलनिक शिक्षणशास्त्रातील पुष्कळसे लेखन क्रमांकापाशीच थांबते, असा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

हा आक्षेप केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये स्वीकारलेल्या सहस्रक-उद्दिष्टांत सार्वत्रिक शिक्षणाचा अर्थ प्राथमिक शिक्षण एवढाच होता. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या चौथ्या उद्दिष्टाने २०३० पर्यंत प्रत्येक मुलामुलीने विनामूल्य माध्यमिक शिक्षणही पूर्ण करावे, असा संकल्प केला. अलीकडच्या अंदाजांप्रमाणे जगात शाळेबाहेर असलेल्या मुलांची संख्या २५ कोटींहून अधिक आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी मुले उच्च माध्यमिक वयोगटातील आहेत. म्हणजे जगाने आपल्या सर्व मुलांना जी वस्तू देण्याचे वचन दिले आहे, ती वस्तू कोणती याचे उत्तर मात्र 'प्राथमिक आणि उच्च यांच्यामधली' यापलीकडे फारसे गेलेले नाही. काय द्यावयाचे हे ठरले नसताना ते सर्वांना दिल्याची नोंद करता येते, हाच यातील खरा धोका होय.

२

शब्दापासून प्रारंभ करणे हा भाषाभ्यासकाचा स्वभावदोष मानला जातो, पण येथे तो उपयोगी पडण्यासारखा आहे. या टप्प्याला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे तपासली तर त्यांचे दोन-तीन स्पष्ट वर्ग पडतात. इंग्रजीतील 'सेकंडरी', फ्रेंचमधील 'सगोंदेर' आणि स्पॅनिशमधील 'सेकुंदारिया' हे शब्द लॅटिन 'सेकुंदुस' या शब्दावरून आलेले आहेत. त्याचा मूळ अर्थ 'मागून येणारा' असा असून त्यावरून 'दुसरा' हा अर्थ आला. अरबीतील 'सानवी' हा शब्दही 'दुसरा' याच अर्थाच्या धातूपासून साधलेला आहे. मराठीतही पूर्वी 'दुय्यम शिक्षण' असा प्रयोग रूढ होता, तो याच वर्गातील. दुसऱ्या वर्गात 'मधला' या अर्थाचे शब्द येतात. रशियन शाळेचे 'स्रेद्न्याया' हे विशेषण, चिनी व जपानी भाषांतील 'मध्य' या अर्थाच्या चिन्हाने आरंभ होणारी नावे, फारसीतील 'मुतवस्सिता' आणि आपला 'माध्यमिक' हे त्याचे नमुने होत. अमेरिकेतील व आपल्याकडील 'हायस्कूल' हा शब्द तिसऱ्या वर्गात पडतो. तो केवळ उंची सांगतो. इजिप्तमध्ये कनिष्ठ माध्यमिक टप्प्याला 'इअदादी' म्हणजे 'तयारीचा' असे म्हणतात, आणि तेथे तर दुसऱ्याच कोणत्या तरी गोष्टीसाठीचे अस्तित्व नावातच कबूल केलेले आहे.

नावावरून संस्थेचे स्वरूप सिद्ध होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. व्युत्पत्ती हा पुरावा नसून केवळ सूचना असते. तथापि एवढ्या परस्परभिन्न भाषाकुलांतून या टप्प्याला स्वतःच्या आशयावरून नाव मिळालेले दिसत नाही, ही सूचना दुर्लक्षिण्याजोगी नाही. शाळांच्या इतिहासात तिला पुष्टी मिळते की नाही, हे पाहावयास हवे.

३

इंग्लंडचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे 'एलिमेंटरी' व 'सेकंडरी' या शाळा एकीनंतर दुसरी अशा क्रमाने येत नव्हत्या. त्या शेजारी शेजारी चालत. पहिल्या श्रमिकांच्या मुलांसाठी होत्या आणि दुसऱ्या मध्यमवर्गाच्या व त्यावरील वर्गाच्या मुलांसाठी. १८६४ ते १८६८ या काळात काम केलेल्या टॉन्टन आयोगाने माध्यमिक शाळांच्या तीन श्रेणी कल्पिल्या त्या शाळा सोडण्याच्या वयावरून : एक अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतची, दुसरी सोळापर्यंतची आणि तिसरी चौदापर्यंतची. मुलाने शाळेत किती वर्षे राहावे हे बापाच्या ऐपतीवर अवलंबून असल्यामुळे या श्रेणी समाजातील स्तरांशी नेमक्या जुळत होत्या, आणि आयोगाने ते लपविण्याचा प्रयत्नही केला नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा छेद गेला तो एका शब्दबदलाने. १९२६ च्या हॅडो समितीने 'एलिमेंटरी' हा शब्द सोडून त्याजागी 'प्रायमरी' हा शब्द घ्यावा आणि अकरा वर्षांनंतरच्या सर्वच शिक्षणाला 'सेकंडरी' म्हणावे, अशी शिफारस केली. जो शब्द आतापर्यंत वर्गाचा वाचक होता तो वयाचा वाचक करावा, असा या शिफारशीचा आशय होता. १९४४ च्या कायद्याने ही कल्पना मान्य केली आणि सर्वांना विनामूल्य माध्यमिक शिक्षणाचा हक्क मिळाला. शब्द बदलला, पण जुना अर्थ सहजासहजी गेला नाही. १९४३ च्या नॉरवुड समितीने मुलांच्या मनांचे तीन प्रकार सांगितले होते : ज्ञानासाठी ज्ञान घेणारे, उपयोजित शास्त्राकडे वा कलेकडे कल असलेले आणि कल्पनांपेक्षा मूर्त वस्तू अधिक सहजपणे हाताळणारे. या तीन मनांसाठी ग्रामर, टेक्निकल आणि मॉडर्न अशा तीन शाळा असाव्यात आणि कोणते मूल कोठे जाईल हे अकराव्या वर्षी ठरावे, अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी रूढ झाली. टॉन्टनच्या तीन श्रेणी आणि नॉरवुडची तीन मने यांतील साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे. वर्गभेदाची जागा मनोभेदाने घेतली, आकृती मात्र तीच राहिली. तांत्रिक शाळा तर फारशा निघाल्याच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात निवड दोनच शाळांमध्ये, म्हणजे उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांच्यात, होऊ लागली. १९६५ च्या दहाव्या परिपत्रकाने मंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी स्थानिक प्रशासनांना सर्वसमावेशक शाळांच्या योजना सादर करण्याची विनंती केली, तरी इंग्लंडमध्ये आजही १६३ ग्रामर शाळा निवडपरीक्षा घेतच आहेत.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट अंकांच्या भाषेत वाचता येते. १८०२ मध्ये स्थापन झालेल्या लीसेच्या परंपरेत इयत्ता उलट्या मोजल्या जातात. अकरा वर्षांचे मूल सहावीत प्रवेश करते, मग पाचवी, चौथी असे करीत पहिलीत येते आणि शेवटी 'तेर्मिनाल' म्हणजे अंतिम वर्गात पोहोचते. जुन्या लीसेंना स्वतःचे प्राथमिक वर्ग जोडलेले असत आणि त्यांत शुल्क देणाऱ्यांची मुले शिकत. सामान्यांच्या प्राथमिक शाळेतून लीसेत येण्याची वाट अरुंद होती. १९७५ च्या हाबी कायद्याने सर्वांसाठी एकच कोलेज निर्माण केले, पण गणना अजून वरूनच होते. जर्मनीत १९२० च्या कायद्याने पहिली चार वर्षे सर्वांना समान केली. त्यानंतर मात्र बहुतेक राज्यांत दहाव्या वर्षीच मुलांच्या वाटा फुटतात. २००१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पिसा पाहणीने मुलांच्या यशाचा पालकांच्या सामाजिक स्थितीशी तेथे किती घट्ट संबंध आहे हे दाखविल्यावर मोठी खळबळ उडाली आणि अनेक राज्यांनी हाउप्टशूल व रेआलशूल यांचे विलीनीकरण केले. तरीही २०१० मध्ये हॅम्बुर्गच्या मतदारांनी समान शिक्षणाची मुदत चारावरून सहा वर्षे करण्याची योजना सार्वमताने फेटाळली. गिम्नाझियमचे वेगळेपण टिकविण्याची इच्छा केवळ शासनाची नव्हती, ही गोष्ट टीकाकाराने विसरता कामा नये.

४

या युरोपीय परंपरेला पर्याय म्हणून नेहमी अमेरिकेकडे बोट दाखविले जाते. १८७४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलामझू खटल्यात हायस्कूलसाठी सार्वजनिक कर लावणे वैध ठरविले. १९१० मध्ये तेथील सुमारे नऊ टक्के तरुण हायस्कूल पूर्ण करीत, १९४० मध्ये हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास गेले. शैक्षणिक प्रसाराची एवढी झेप त्या काळी दुसऱ्या कोणत्याही मोठ्या देशाने घेतली नव्हती. या विस्ताराला तत्त्वज्ञान पुरविण्याचे दोन प्रयत्न झाले. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखालील दहा जणांच्या समितीने १८९० नंतरच्या दशकाच्या आरंभी असे मांडले की, विद्यापीठात जाणारा आणि न जाणारा विद्यार्थी असा भेद न करता प्रत्येक विषय सर्वांना सारखाच शिकवावा. त्यानंतर १९१८ च्या अहवालाने आरोग्य, मूलभूत कौशल्ये, कुटुंबजीवन, व्यवसाय, नागरिकत्व, फावल्या वेळेचा सदुपयोग आणि नैतिक चारित्र्य अशी सात उद्दिष्टे सांगितली.

या दोन दस्तऐवजांत दुसरा अधिक उदार आणि पहिला अभिजनवादी, असा निवाडा सामान्यतः केला जातो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. सात उद्दिष्टांपैकी दुसरे सोडले तर उरलेली सहा उद्दिष्टे कुटुंब, पंथ, व्यायामशाळा किंवा कारखाना यांच्याही तोंडी शोभली असती. शाळेने, आणि तीही बारा ते अठरा या वयातील शाळेने, असे काय करावे जे दुसरी कोणतीही संस्था करीत नाही, हे त्यांतून कळत नाही. उलट दहा जणांच्या समितीच्या विषययादीत कितीही संकुचितपणा असला तरी ज्ञानाच्या शाखा हा माध्यमिक शाळेचा स्वतःचा व्यवहार आहे आणि तो सर्वांचा आहे, ही जाण तिला होती. ही जाण पुढे हरवली. हायस्कूल सर्वांसाठी खुले झाले, पण आत गेल्यावर अभ्यासक्रमांच्या वेगवेगळ्या पट्ट्या आखल्या गेल्या.

फिनलंडची वाटचाल या दृष्टीने अधिक विचारपूर्वक झालेली दिसते. तेथेही चार वर्षांच्या प्राथमिक शिक्षणानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होत. १९६८ च्या कायद्याने नऊ वर्षांच्या समान शाळेचा निर्णय झाला. १९७२ मध्ये उत्तरेपासून सुरुवात करून १९७७ पर्यंत तो देशभर अमलात आला. आरंभी गणित व परभाषा या विषयांत क्षमतेप्रमाणे गट पाडले जात, १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेही बंद झाले. निवड सोळाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलणे हे या सुधारणेचे सूत्र होते. निवड पुढे ढकलल्यामुळे मधल्या वर्षांना स्वतःचे काम करावयास अवकाश मिळाला. ते काम कोणते, हा प्रश्न मात्र उरतोच.

५

भारतातील विचाराची वाटही याच दोन कड्यांमधून गेली आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. त्या क्षणापासून आपल्या हायस्कूलचे मध्यकेंद्र त्याच्या बाहेर गेले. 'मॅट्रिक' हा शब्द मराठीत शिक्षणाच्या एका पायरीचे नाव म्हणून रुळला, परंतु त्याचा मूळ अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव नोंदविणे एवढाच होता. १८८२ च्या हंटर आयोगाने ही एकमार्गी ओढ ओळखून वरच्या वर्गांचे दोन भाग सुचविले : एक विद्यापीठाकडे नेणारा आणि दुसरा व्यावहारिक स्वरूपाचा. दुसऱ्या भागाकडे विद्यार्थी फारसे फिरकले नाहीत.

१९५२ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाचे मोठेपण असे की, माध्यमिक शिक्षण हे केवळ पूर्वतयारी नसून ते स्वयंपूर्ण असले पाहिजे, ही भूमिका त्याने १९५३ च्या अहवालात निःसंदिग्धपणे घेतली. परंतु या स्वयंपूर्णतेचा अर्थ लावताना अहवाल सात अभ्यासगटांकडे वळला : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. या बहुउद्देशीय शाळांच्या कल्पनेत नॉरवुडच्या तीन मनांची सात मने झाली, असे म्हटल्यास ते थोडे कठोर होईल, पण अगदी अन्यायाचे होणार नाही. स्वयंपूर्णता म्हणजे वैविध्य आणि वैविध्य म्हणजे विभागणी, असे समीकरण तेथे नकळत मांडले गेले. १९६६ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या कोठारी आयोगाने ही विभागणी फार लवकर होते हे ओळखून पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे, असा सल्ला दिला. महाराष्ट्रात त्या आकृतिबंधानुसार दहावीअखेरची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी दहा टक्के १९९० पर्यंत व पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळविण्याचे लक्ष्य ठेवले. १९९२ मध्ये या दोन्ही मुदती पाच-पाच वर्षांनी पुढे न्याव्या लागल्या. हंटरच्या दुसऱ्या भागाचे जे झाले तेच शंभर वर्षांनंतर पुन्हा झाले. पालक व विद्यार्थी यांना दोष देऊन या पुनरावृत्तीचा उलगडा होत नाही. ज्या व्यवस्थेत एक वाट दाराकडे आणि दुसरी भिंतीकडे जाते, तेथे दुसरी वाट न धरणे हा शहाणपणाच होय.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे हे वय हक्काचे मानले, म्हणजे नववी आणि दहावी त्या हक्काच्या बाहेर राहिल्या. २०२० च्या धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एक टप्पा कल्पिला आहे. वर्षांची मोजणी पुन्हा एकदा बदलली. या चार वर्षांत शाळेचे स्वतःचे काम कोणते, या प्रश्नाला त्यामुळे नवी निकड आली आहे.

६

या प्रश्नाचे उत्तर, निदान त्याचा एक महत्त्वाचा भाग, भाषेच्या अभ्यासातून मिळतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

बोलीव्यवहारात 'बळ', 'शक्ती' आणि 'ऊर्जा' हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. अंगात बळ नाही आणि अंगात शक्ती नाही, यांत कोणी भेद करीत नाही. नववी-दहावीच्या विज्ञानात मात्र बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती या चार स्वतंत्र राशी होतात आणि त्यांचे परस्परसंबंध सूत्रांनी बांधले जातात. दुपारभर भिंत ढकलून घामाघूम झालेल्या माणसाने भिंतीवर काहीच 'कार्य' केले नाही, कारण भिंत हललीच नाही, हे विधान व्यवहाराच्या मराठीत हास्यास्पद आहे आणि भौतिकीच्या मराठीत अचूक आहे. 'राज्य' हा शब्द पाहावा. लपंडावात मुलावर 'राज्य' येते, गोष्टीत राजाचे 'राज्य' असते आणि नागरिकशास्त्रात राज्य, शासन व राष्ट्र यांतील भेद समजावा लागतो. 'म्हणून' या साध्या अव्ययाचीही तीच कथा. 'पाऊस होता म्हणून आलो नाही' यातील 'म्हणून' सबब सांगतो. 'दोन बाजू एकरूप आहेत, म्हणून त्यांच्यासमोरील कोन एकरूप आहेत' यातील 'म्हणून' अनिवार्यता सांगतो. पावसातही एखादा येऊ शकला असता, कोन मात्र वेगळे असू शकत नाहीत. 'पाणी तापले आणि त्याची वाफ झाली' या वाक्यातील घटना 'बाष्पीभवन' या एका नामात गोळा झाली की त्या नामाविषयी आणखी विधाने करता येतात : बाष्पीभवनाचा वेग, बाष्पीभवनाची कारणे. घटनेचे असे नामीकरण झाल्याखेरीज शास्त्रीय युक्तिवाद उभा राहत नाही.

प्राथमिक शाळा मुलाला त्याच्या भाषेची लिपी देते. विद्यापीठ त्याला एखाद्या शाखेची परिभाषा देते. या दोहोंच्या मधल्या वर्षांत एक तिसरीच घटना घडावी लागते : परिचित शब्द अपरिचित शिस्तीत बसू लागतात, आणि बोलणाऱ्याला आपण कोणत्या शिस्तीत बोलत आहोत याचे भान येते. हे भान घरात येत नाही, कारण घरात त्याची गरज नसते. ते विद्यापीठातही येत नाही, कारण तेथे ते गृहीत धरले जाते. माध्यमिक शाळेचे जर काही स्वतःचे, दुसऱ्या कोणालाही न करता येणारे काम असेल, तर ते हे होय. आणि हे काम वकिलाच्या मुलाला जितके आवश्यक तितकेच जोडारी होऊ इच्छिणाऱ्या मुलीला आवश्यक आहे, कारण यंत्राची माहितीपुस्तिका, विम्याचा करार आणि ग्रामसभेचा ठराव ही सर्व याच भाषेत लिहिलेली असतात.

हे मान्य केले तर अकराव्या वर्षीच्या निवडीवरील आक्षेप अधिक नेमका होतो. शाळेने पुढील पाच वर्षांत जे द्यावयाचे, ते कोणाकडे घरूनच आलेले आहे याची ती परीक्षा असते. नॉरवुडचे 'मूर्त वस्तू हाताळणारे' मूल हे बहुधा अमूर्त भाषेशी ज्याची अजून गाठ पडलेली नाही असे मूल असावे. इंग्लंडमध्ये बेसिल बर्नस्टाइन यांनी १९५८ पासून सामाजिक वर्ग आणि बोलण्याच्या रीती यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले ते याच संदर्भात. त्यांच्या विवेचनाचा 'गरिबांची भाषा उणी असते' असा विपरीत अर्थ काही जणांनी लावला, आणि विल्यम लबोव यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्या समजुतीचे सप्रमाण खंडन केले : प्रमाणेतर बोलीत तर्काची काहीच उणीव नसते. दोन्ही गोष्टी एकत्र घ्यावयास हव्यात. तर्कशक्ती प्रत्येक बोलीत असते. शास्त्राची भाषिक शिस्त मात्र कोणत्याच बोलीत आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते.

७

या प्रतिपादनाची खरी कसोटी माध्यमाच्या प्रश्नावर लागते. ज्या वर्षांत शब्दाची संकल्पना व्हावयाची, नेमक्या त्याच वर्षांत अनेक देश मुलाची भाषा बदलतात.

टांझानियात ज्यूलियस न्येरेरे यांच्या १९६७ च्या स्वावलंबी शिक्षणाच्या धोरणाच्या सुमारास प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली झाले, माध्यमिकाचे इंग्रजीच राहिले. १९८२ मध्ये अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने माध्यमिक शाळेतही स्वाहिली आणण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. १९८४ मध्ये क्रिपर आणि डॉड यांच्या पाहणीने दाखविले की, माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनाच इंग्रजीतून विषय समजण्याइतकी इंग्रजी येते. तरीही माध्यम बदलले नाही. २०१४ च्या धोरणात दोन्ही भाषांच्या वापराला मान्यता मिळाली, पण माध्यमिक वर्गाची अधिकृत घडी बव्हंशी पूर्वीचीच राहिली.

हाँगकाँगने उलट प्रयोग केला. सप्टेंबर १९९८ पासून ११४ शाळा वगळता इतर सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांनी कनिष्ठ वर्गांत चिनी माध्यम स्वीकारावे, असे ठरले. मार्श, हाऊ आणि काँग यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार इंग्रजी माध्यमातील विद्यार्थ्यांची इंग्रजी सुधारली, परंतु इतिहास, भूगोल आणि विज्ञान या विषयांत त्यांची मोठी पिछेहाट झाली. गणितात ती कमी होती. ज्या विषयांत युक्तिवाद वाक्यांतून चालतो तेथे हानी अधिक आणि जेथे तो चिन्हांतून चालतो तेथे कमी, असा हा निष्कर्ष वर मांडलेल्या विचाराशी जुळतो. पण पालकांना हे धोरण रुचले नाही. ज्या थोड्या शाळांना इंग्रजीची मुभा होती त्याच श्रेष्ठ, असा अर्थ समाजाने लावला आणि २०१० पासून शासनाने ही काटेकोर विभागणी सैल केली.

महाराष्ट्रातील स्थिती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत पाचवीपासून वा आठवीपासून, कोठे त्याहूनही आधी, गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते. या व्यवस्थेला 'सेमी-इंग्रजी' असे नाव आहे, आणि मधल्या टप्प्याला अर्धवट भाषेचे नाव मिळावे हे सूचक आहे. दहावीपर्यंत सर्व विषय मराठीतून शिकलेला विद्यार्थीही अकरावीच्या विज्ञानशाखेत गेला की सामान्यतः इंग्रजीच ऐकतो. 'परावर्तन' आणि 'अपवर्तन' या शब्दांतील समान धातू व भिन्न उपसर्ग यांच्या साह्याने त्याने जी दोन प्रकाशघटनांची जोडी मनात बसविलेली असते, ती नव्या ध्वनींच्या जोडीत पुन्हा बसवावी लागते. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत जो भेद केला, त्याची येथे आठवण होते. टोरांटोतील स्थलांतरितांच्या मुलांविषयीच्या सामग्रीवरून त्यांनी दाखविले की, पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. अकरावी-बारावीची वर्षे दोनच आहेत.

८

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, मराठी माध्यम म्हणजे मातृभाषा हे समीकरणच सर्वत्र खरे नाही. अहिराणी, मालवणी वा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलासाठी पाठ्यपुस्तकाची मराठी ही एक पायरी वर असते. भिल्ली, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी तर ती दुसरीच भाषा असते. हा आक्षेप पूर्णपणे मान्य केला पाहिजे. त्यामुळे आपले प्रतिपादन ढासळत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते. बोलीकडून शिस्तीकडे जाण्याचे काम मराठी शाळेतही गृहीत धरले जाते, शिकविले जात नाही. आपल्याकडे भाषेचा शिक्षक कविता शिकवितो आणि विज्ञानाचा शिक्षक सूत्रे शिकवितो. 'म्हणून' या शब्दाचे दोन अर्थ कोणाच्याच वेळापत्रकात नसतात. माध्यम मराठी ठेवले की काम संपले, अशी समजूत मराठीच्या पुरस्कर्त्यांनीही बाळगू नये.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे. ज्या समाजात न्यायालये, वैद्यक आणि मोठ्या नोकऱ्या इंग्रजीत चालतात, तेथे मुलाला इंग्रजीतून शिकविण्याची इच्छा धरणे हा मूर्खपणा कसा म्हणता येईल? तो मूर्खपणा नव्हेच. हंटरच्या काळी ज्या शहाणपणाने पालकांनी दुसरा भाग नाकारला तेच हे शहाणपण आहे. परंतु ही मागणी इंग्रजी भाषेची आहे, इंग्रजी माध्यमाची असेलच असे नाही, आणि या दोहोंतील फरक समजावून सांगणारे पर्याय व्यवस्थेने पालकांसमोर ठेवलेले नाहीत. फिनलंडचे मूल परभाषा विषय म्हणून उत्तम शिकते. जेथे परभाषा हीच निवडीची चाळण असते, तेथे मात्र तिचे अध्यापन कितीही सुधारले तरी माध्यमाचा मोह सुटत नाही. म्हणजे पुन्हा मूळ प्रश्न दाराचाच राहतो.

'माध्यमिक' हे नाव एका प्राचीन दर्शनालाही आहे. नागार्जुनाच्या अनुयायांनी ते स्वतःसाठी घेतले, आणि त्यांच्या लेखी मध्य ही दोन टोकांच्या दरम्यानची रिकामी जागा नव्हती, ती स्वतःच एक भूमिका होती. आपल्या माध्यमिक शाळेला अशी भूमिका आहे की नाही, याचा निर्णय आयोगांच्या अहवालांवरून होणार नाही. आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांतील वाक्यरचना, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील कार्यकारणवाचक अव्ययांचा वापर आणि अकरावीच्या पहिल्या सत्रात मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने घेतलेली टिपणे, या तीन प्रकारच्या सामग्रीचा पद्धतशीर अभ्यास झाला पाहिजे. ही सामग्री कोणत्याही परदेशी ग्रंथालयात नाही. ती या विभागापासून चालत जाण्याच्या अंतरावरील शाळांत पडून आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना तिच्याकडे वळणे अगत्याचे आहे.